कुंपणापलीकडचा तबेला आणि आमच्या क्वार्टरचं पाणी

सातपुड्याची लेक

नमस्कार मंडळी. चार वर्षं इथलं नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदाच धागा काढते आहे. सैन्यात काम केलेले, पाण्यातलं किंवा आरोग्य खात्यातलं कळणारे कुणी असतील तर कृपया सांगा.

माझे मिस्टर फौजेत नायक आहेत. सध्या आम्ही उत्तरेकडच्या एका छावणीत फॅमिली क्वार्टरमध्ये राहतो. गावाचं नाव लिहीत नाही. मोठा मुलगा ६ वर्षांचा, धाकटी ५ महिन्यांची. माझं दूध पुरत नाही म्हणून तिला वरचं, पावडरचं दूध द्यावं लागतं.

आमच्या ब्लॉकला दोन ट्यूबवेलचं पाणी येतं. ते वरच्या टाकीत चढतं आणि सकाळ-संध्याकाळ दीड-दीड तास नळाला सुटतं. दोन नंबरची ट्यूबवेल छावणीच्या मागच्या भिंतीला अगदी चिकटून आहे. आम्ही आलो तेव्हा भिंतीपलीकडे गव्हाचं शेत होतं. गच्चीवर कपडे वाळत घालताना ते दिसायचं. गेल्या वर्षी मालकाने शेती बंद करून तिथे म्हशींचा तबेला केला. आज पन्नासेक जनावरं असतील. शेण भिंतीच्या कडेलाच टाकतात. पावसाळ्यात त्या ढिगाच्या पायथ्याशी हिरवट-काळं पाणी तुंबलं होतं, ते पंधरा दिवस हटलं नाही. त्याच्या पुढे प्लॉट पाडलेत आणि आठ-दहा घरं उठली आहेत. गटार नाही, ज्याचा त्याचा शोषखड्डा.

जुलैपासून आमच्या ब्लॉकमधल्या मुलांची पोटं बिघडत आहेत. माझ्या मुलाला तीन महिन्यांत चार वेळा जुलाब झाले. समोरच्या हरियाणाच्या भाभींच्या दोन्ही मुलांचं तेच, खालच्या तमिळ कुटुंबातही तेच. पलीकडच्या ब्लॉकला एक नंबरच्या ट्यूबवेलचं पाणी जास्त जातं, तिथे एवढं नाही. हे मी वहीत लिहून ठेवलं आहे, कुणाचं मूल, कोणत्या तारखेला. सकाळी पहिलं पाणी सुटतं तेव्हा पाच मिनिटं कुबट वास येतो. बादली दोन दिवस घासली नाही तर तळाला बुळबुळीत थर धरतो, बोट फिरवलं की लागतो.

एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, डॉक्टरसाहेबांनी नीट तपासलं, ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या दिल्या, पाणी उकळायला सांगितलं. पाण्याची तक्रार केली तर एक माणूस आला, नळाचं पाणी नळकांडीत घेऊन दोन थेंब टाकले, पिवळा रंग दाखवला आणि म्हणाला, "क्लोरीन बरोबर आहे, पानी ठीक है." माझं म्हणणं एवढंच, क्लोरीन बरोबर असेल तर पोरं आजारी का पडतात?

मिस्टर म्हणतात, जास्त बोलू नकोस, युनिटमध्ये उगाच नाव होईल. त्यांचंही खरं आहे. पण धाकटीची बाटली भरताना रोज माझा हात थबकतो. नेमकी कोणती तपासणी मागायची आणि ती रीतसर कशी मागायची, हे कुणी सांगाल का?

---

कोकणी माणूस

ताई, पाणी वीस मिनिटं उकळा आणि चांगला प्युरिफायर बसवा. तक्रारींच्या मागे लागाल तर वर्ष जाईल. पोरांची काळजी आधी.

---

सातपुड्याची लेक

उकळतेच आहे दादा, ऑगस्टपासून. पण मुलं शाळेत पितात, खेळून आली की नळाला तोंड लावतात, दात त्याच पाण्याने घासतात. शिवाय ब्लॉकमध्ये २४ घरं आहेत. सगळ्यांकडे सिलिंडर तेवढा नसतो.

---

निवृत्त हवालदार, सातारा

ताई, तुमचा धागा दोनदा वाचला. मी २४ वर्षं आर्मी मेडिकल कोअरमध्ये होतो, त्यातली बरीचशी पाणी, माश्या, डास, संडास आणि लंगर (जवानांचं स्वयंपाकघर) याच कामात गेली. तुम्ही वहीत तारखा लिहिल्यात, हे फार चांगलं केलंत. आमच्याकडे साहेब लोक आले की पहिली हीच वही मागायचे.

आधी महत्त्वाचं, धाकटीचं. तिच्या दुधासाठी दोन नंबरच्या ट्यूबवेलचं पाणी नुसतं उकळून वापरू नका. कारण सांगतो. शेण आणि मूत जमिनीवर साठलं की त्यातल्या नत्राचं मातीत नायट्रेट होतं. ते पावसाबरोबर खाली उतरतं आणि भूजलात मिसळतं. नायट्रेट उकळल्याने जात नाही, उलट पाणी आटतं आणि त्याचं प्रमाण वाढतं. क्लोरीननेही जात नाही. मोठ्या माणसाला त्याचा लगेच त्रास होत नाही, पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्तावर परिणाम होऊ शकतो. रक्त प्राणवायू नीट वाहून नेत नाही, ओठ-नखं निळसर पडतात. तसं कधी दिसलं तर क्षणभर न थांबता हॉस्पिटल. आपल्याकडचं पिण्याच्या पाण्याचं मानक नायट्रेटसाठी लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. तुमच्या पाण्यात किती आहे हे तपासल्याशिवाय मी सांगू शकत नाही, म्हणून तपासणी होईपर्यंत तिच्यापुरतं एक नंबरचं किंवा दुसरीकडचं खात्रीचं पाणी आणा आणि ते उकळा. आरओने नायट्रेट बरंच कमी होतं, साध्या कँडलच्या फिल्टरने नाही. अंगावरचं जेवढं येतं तेवढं पाजत राहा, त्यातून बाळाला धोका नाही.

आता तुमचा प्रश्न, क्लोरीन बरोबर असून पोरं आजारी का.

त्या माणसाने पिवळा रंग दाखवला ती तपासणी खोटी नाही. तो रंग सांगतो की नळाशी क्लोरीन उरलेलं आहे. पाण्यात काय आलं होतं, हे तो सांगत नाही. आणि क्लोरीनला सगळंच मरत नाही. जनावरांच्या, विशेषतः वासरांच्या शेणातून क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जंतू येतो. त्याचं कवच इतकं टणक असतं की आपण नळाच्या पाण्यात टाकतो तेवढ्या क्लोरीनला तो दाद देत नाही. उकळल्यावर मात्र मरतो. लहान मुलांना तो लांबलेले जुलाब देतो. तुमच्याकडे तोच आहे असं मी म्हणत नाही, पण भिंतीपलीकडे म्हशी आणि अलीकडे हगवण असेल तर डॉक्टरसाहेबांना हे नाव जरूर सांगा. शौचाच्या साध्या तपासणीत तो सहज सापडत नाही, वेगळी तपासणी सांगावी लागते.

माझा एक अनुभव लिहितो.

१९९८ चा पावसाळा. आमची पलटण डोंगराच्या पायथ्याला होती, ठिकाण लिहीत नाही. लाइनच्या आत एक जुनी दगडी विहीर, तिचंच पाणी लंगरला. रोज सकाळी माझं काम म्हणजे हॉरॉक्सची पेटी उघडायची, पाण्याला किती ब्लीचिंग पावडर लागेल हे तिच्यावर कळतं. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेटीत सहा पांढरे पेले असतात आणि एक काळा. काळ्या पेल्यात सपाट चमचाभर ब्लीचिंग पावडर कालवायची. पांढऱ्या पेल्यांत विहिरीचं पाणी भरायचं. काळ्यातला निवळ पहिल्या पेल्यात एक थेंब, दुसऱ्यात दोन, असे सहाव्यात सहा. ढवळून अर्धा तास थांबायचं, मग प्रत्येकात इंडिकेटरचे तीन थेंब. ज्या पेल्यापासून निळा रंग दिसायला लागतो, त्या नंबराइतके चमचे ४५५ लिटर पाण्याला टाकायचे.

आमची विहीर वर्षभर दुसऱ्या-तिसऱ्या पेल्याला निळी व्हायची. त्या दिवशी दुसरा कोरा, तिसरा कोरा, चौथा कोरा. पाचवा कुठे फिकट निळा. मला वाटलं पावडर जुनी झाली, उघडी राहिली की तिचा जोर जातोच. नवा डबा फोडला. पुन्हा पाचवाच. म्हणजे पावडरीत काही नव्हतं. पाण्यातच कुणीतरी क्लोरीन खाणारं येऊन बसलं होतं. मैलापाणी आलं की असंच होतं, त्यातला अमोनिया आणि घाण आधी क्लोरीन खाते.

साहेब म्हणाले, पाच चमचे टाक. टाकले. पण मला चैन पडेना. दुपारी परवानगी काढून तारेच्या बाहेर गेलो, चढाच्या बाजूला. तिथे पूर्वी हरभऱ्याचं रान होतं. ते सपाट करून ट्रक थांबायचा अड्डा केला होता, दोन ढाबे आणि ड्रायव्हर लोकांसाठी संडासाची रांग. मैल्याचा खड्डा मुरमात खणलेला, तळाला बांधकाम नाही. मी खड्ड्यापासून विहिरीपर्यंत पावलं मोजली. ६० भरली. आमच्या नियमात १५ मीटर अंतर पुरे धरतात आणि हे तर त्याच्या दुपटीपेक्षा जास्त होतं. पण तो नियम साध्या जमिनीसाठी. इथे वर मुरूम, खाली भेगाळलेला कातळ आणि विहीर उताराला. भेगेतून पाणी पळतं, गाळलं जात नाही. मिलिटरी हॉस्पिटलमधून फ्लोरेसीन नावाचा रंग मागवला, तो खड्ड्यात ओतला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोहरा वर काढला तर पाण्याला हिरवट झाक होती.

विहीर त्याच रात्री बंद केली, टँकर सुरू केला. तरी पुढचे सहा-सात आठवडे पोरं पिवळी होत राहिली. सकाळच्या फॉल-इनला मी रांगेतून डोळे बघत जायचो. एक धुळ्याचा पोरगा होता, विशीतला, उत्तम धावायचा. त्याच्या डोळ्यांचे पांढरे हळदीत बुडवल्यासारखे झाले होते आणि तो म्हणत होता, "सर, मला काही होत नाही, फक्त जेवण जात नाही." ही कावीळ पाणी पोटात गेल्यावर महिना-दीड महिन्याने दिसते. म्हणजे मी पेला बघितला त्याच्या कितीतरी आधी त्याने ते पाणी प्यायलं होतं. हरभऱ्याच्या रानावर पहिला ट्रक थांबला त्या दिवशी कुणीतरी तारेपलीकडे जाऊन बघायला हवं होतं. ही रुखरुख मला अजून आहे.

म्हणून ताई, तपासणी मागताना "पाणी तपासा" एवढंच म्हणू नका. दोन्ही ट्यूबवेलचं पाणी वेगवेगळं, क्लोरीन टाकण्याच्या आधी, पंपावरून घेतलेलं हवं. त्यात नायट्रेट, अमोनिया, क्लोराइड आणि जंतूंची, म्हणजे कोलिफॉर्म आणि ई. कोलायची तपासणी. दोन विहिरींत फरक निघाला तर तुमची वही आणि तो कागद शेजारी ठेवला की वेगळं बोलावं लागत नाही. आणि पंपरूममध्ये जाऊन केसिंग पाइपच्या, म्हणजे ट्यूबवेलच्या बाहेरच्या पाइपच्या, भोवती सिमेंटचा कट्टा आहे की नुसती माती आहे, हे कुणाला तरी बघायला लावा. पुष्कळदा घाण खालून झिरपत नाही, पाइपाच्या कडेने सरळ आत उतरते.

रीत अशी. मिस्टरांनी सुभेदारसाहेबांमार्फत कंपनी कमांडरना सांगायचं, सोबत वहीची नक्कल. तक्रार म्हणून नको, "मुलांच्या आजाराची माहिती" म्हणून. रेजिमेंटच्या डॉक्टरांना हीच नक्कल द्यायची. ते स्टेशन हेल्थ ऑर्गनायझेशनला कळवतील, नमुने घेणं हे त्यांचंच काम आहे. फॅमिली वेल्फेअरच्या मीटिंगमध्ये तुम्ही चौघी-पाचजणी मिळून बोला. एकटीचं नाव होतं, पाचजणींचा प्रश्न होतो.

---

काला आंब

हवालदारसाहेब, तुमच्या हरभऱ्याच्या रानावरून मला कर्नाल आठवलं. थोडं लांबचं वाटेल, पण विषय हाच आहे.

१४ जानेवारीला मी पानिपतला काला आंबच्या स्मारकावर गेलो होतो. आपल्याकडून पुष्कळजण जातात. परतताना हाताशी अर्धा दिवस होता म्हणून तीसेक किलोमीटर उत्तरेला कर्नालला गेलो. तिथे एक उंच चौकोनी मनोरा एकटाच उभा आहे. चर्चचा आहे, पण शेजारी चर्च नाही. तिथल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी सांगितलं, इथे इंग्रजांची छावणी होती, तापाने उठली.

घरी येऊन वाचत बसलो. १९ व्या शतकाच्या सुरुवातीला कर्नाल ही कंपनी सरकारची मोठी सरहद्दीची छावणी होती. जवळून पश्चिम यमुना कालवा जातो. मूळ फिरोजशहा तुघलकाच्या काळातला, नंतर बुजलेला. इंग्रजांनी तो साफ करून पुन्हा चालू केला आणि १८२० मध्ये त्याचं पाणी दिल्लीला पोचलं. कालवा आला तसं भोवतालचं रान बदललं. कोरडवाहू जमिनीत भात आला. कालव्याचे भराव जमिनीच्या नैसर्गिक उताराला आडवे गेले, त्यामुळे पावसाचं पाणी अडलं, ओल वर आली, दलदल झाली. मग छावणीत तापाची साथ लागली. १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने हात टेकले आणि सैन्य अंबाल्याला हलवलं. बांधलेल्या बराकी तशाच सोडून.

खरं वाचण्यासारखं आहे ते पुढचं. गंगेचा मोठा कालवा काढायचा विचार चालला होता, तिथेही असंच होईल का, हे बघायला १८४५ मध्ये तिघांची समिती नेमली. बेकर आणि यूल हे दोघे लष्करी इंजिनिअर, डेम्पस्टर हा डॉक्टर. डास आणि मलेरिया यांचा संबंध रोनाल्ड रॉसने सिकंदराबादला दाखवला १८९७ मध्ये, म्हणजे तेव्हा पन्नास वर्षं लांब होता. हाताशी ना सूक्ष्मदर्शक, ना रक्ततपासणी. डेम्पस्टरने काय केलं? गावोगाव फिरला आणि माणसांची पोटं डाव्या बरगडीखाली हाताने दाबून बघितली. वारंवार ताप येतो त्याची प्लीहा वाढते, ती हाताला लागते. किती जणांची लागते ते मोजलं आणि शेजारी त्या गावची जमीन कशी, पाणी किती खोल, उतार कुठे, हे मांडलं. मलेरिया मोजायची ही पद्धत पुढे जगभर वापरली गेली.

त्यांना दिसलं ते असं. कालवा आहे म्हणून सगळीकडे ताप आहे असं नव्हतं. जिथे जमीन रेताड आणि पाण्याला वाट, तिथे कालव्याकाठची गावंही बऱ्यापैकी निरोगी होती. जिथे चिकण माती आणि निचरा अडलेला, तिथे प्लीहा वाढलेली माणसं जास्त. म्हणजे तुम्ही म्हणता तेच. १५ मीटर की ६० पावलं यापेक्षा खाली कोणती जमीन आहे, हे आधी बघायला हवं.

एक गोष्ट मात्र मला फार लागली. पलटणी अंबाल्याला गेल्या. कर्नालचे लोक कुठे जाणार होते? ते त्याच पाण्यात राहिले, त्यांच्या शेतांवर खाराचा पांढरा थर येत गेला. पुढे १८५९ मध्ये हिंदुस्थानातल्या सैन्याच्या आरोग्यासाठी शाही आयोग नेमला, १८६३ मध्ये त्याचा अहवाल आला. दर हजार गोऱ्या शिपायांमागे वर्षाला ६९ मरतात, हा त्यातला आकडा गाजला. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने त्या कागदपत्रांवर रात्रंदिवस काम केलं आणि बराकींच्या पाण्याविषयी आणि निचऱ्याविषयी फार कडक लिहिलं. छावणीला लागून असलेली वस्ती आजारी राहिली तर शिपाई निरोगी राहणार नाही, हे तिने पुढे पुन्हा पुन्हा मांडलं. आपल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही तिचा पत्रव्यवहार होता. ताई, तुमच्या तबेल्याच्या मालकाची मुलं कोणतं पाणी पितात, हेही एकदा विचारून बघा.

---

नाशिक ते नॉर्थ कॅरोलायना

मी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात राहते. इथे कॅम्प लेज्यून नावाचा मरीन सैनिकांचा मोठा तळ आहे. तिथल्या पाण्याचं प्रकरण इथे सगळ्यांना माहीत आहे, ते सांगते, कारण त्याची सुरुवात एका साध्या दुकानापासून झाली.

तळावर टारावा टेरेस नावाची सैनिक कुटुंबांची वसाहत होती. तिच्या विहिरींजवळ, तळाच्या हद्दीबाहेर रस्त्यापलीकडे कपडे ड्रायक्लीन करायचं दुकान होतं. गणवेश धुवायला सैनिकच जायचे. ड्रायक्लीनिंगला पर्क्लोरोएथिलीन नावाचं द्रावण लागतं. दुकानाचं सांडपाणी सेप्टिक टँकमध्ये जायचं आणि यंत्रातला उरलेला गाळ आवारातले खड्डे बुजवायला वापरला जायचा. हे द्रावण पाण्यापेक्षा जड असतं, जमिनीत खाली खाली जातं. तिथून ते विहिरींत उतरलं. १९८५ मध्ये टारावा टेरेसच्या पाण्यात ते अब्जाला २१५ भाग इतकं सापडलं, आज इथे मर्यादा ५ ची आहे. हॅडनॉट पॉइंट नावाच्या दुसऱ्या भागात तर तळाच्याच टाक्या आणि कचऱ्याचे खड्डे झिरपत होते, तिथे १९८२ मध्ये ट्रायक्लोरोएथिलीन नावाचं तसंच दुसरं द्रावण १,४०० भाग निघालं. म्हणजे दोष नेहमी बाहेरच्याचाच असतो असंही नाही.

या पाण्याला वास नव्हता, चव नव्हती. आणि क्लोरीनच्या किंवा जंतूंच्या तपासणीत अशी द्रावणं दिसतच नाहीत. विहिरी बंद केल्या १९८४-८५ मध्ये. जेरी एन्स्मिंगर नावाचे निवृत्त मरीन सार्जंट आहेत, त्यांची मुलगी जेनी १९८५ मध्ये ल्युकेमियाने गेली, ९ वर्षांची होती. पाण्याचं त्यांना कळलं ते १९९७ मध्ये, टीव्हीवरच्या बातमीतून. त्यानंतर पंचवीस वर्षं ते आणि त्यांच्यासारखे लोक भांडत राहिले. १९५३ ते १९८७ या काळात तिथे किमान ३० दिवस राहिलेल्यांना दावा करता येईल असा कायदा झाला ऑगस्ट २०२२ मध्ये.

ताई, तुमच्याकडे तबेल्यापुढे प्लॉट पडले आहेत म्हणालात. उद्या तिथे गॅरेज, बॅटरीचं दुकान, रंगाचा कारखाना काहीही येईल. घरगुती उकळण्याने अशा द्रावणांचं भलतंच होतं, ती वाफेबरोबर स्वयंपाकघरातल्या हवेत येतात. म्हणून विहिरीच्या आसपास काय काय आहे, याची यादी दरवर्षी कुणीतरी करायला हवी. तुमच्या वहीत एक पान त्यासाठी ठेवा.

---

दूधवाला पाटील

माझा ३० म्हशींचा गोठा आहे, नगर जिल्ह्यात. म्हणून दुसरी बाजू सांगतो. भिंतीकडेला शेण टाकणारा माणूस वाईट असेलच असं नाही. त्याची जागा चिंचोळी असेल आणि ट्रॅक्टर तिथेच वळत असेल. माझ्या गोठ्यात आधी असंच होतं. मग मी तळाला फरशी केली, मूत एका चरातून हौदात घेतलं, शेण रोज गोबरगॅसला. उरलेली स्लरी शेजारी शेतकरी पैसे देऊन नेतात. डेअऱ्यांसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात शेण-मुताची व्यवस्था काय हवी ते लिहिलं आहे. नोटिशीच्या आधी कुणीतरी जाऊन बोललं तर काम लवकर होईल, असं मला वाटतं. पावसाळ्याच्या आत ढीग हलवायला हवा.

---

सातपुड्याची लेक (सात आठवड्यांनंतर)

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितेय, कारण हातात कागद आल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

हवालदार काका, तुम्ही सांगितलं तसंच केलं. आम्ही सहाजणी मीटिंगला बोललो. हरियाणाच्या भाभींनी वही वाचून दाखवली. सीओसाहेबांच्या (युनिटच्या प्रमुखांच्या) मिसेसनी ती वही मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेब स्वतः ब्लॉकमध्ये आले. मिस्टरांना कुणी काही बोललं नाही. उलट सुभेदारसाहेब म्हणाले, हे आधी सांगायला हवं होतं.

नमुने दोन्ही पंपांवरून वेगळे घेतले. एक नंबरमध्ये नायट्रेट २४. दोन नंबरमध्ये ७१, अमोनिया आहे, ई. कोलायही आहे. पंपरूमचा दरवाजा उघडला तेव्हा मी बाहेर उभी होते. केसिंगच्या भोवती कट्टा होता, पण एका बाजूला तडकून खचलेला. त्या फटीत माझी तीन बोटं गेली असती. भिंतीच्या बुंध्याला ओलीचा डाग होता, बरोबर ढिगाच्या उंचीपर्यंत.

दोन नंबर बंद केली आहे. पाणी आता एकच वेळ येतं, भांडीकुंडी सगळी भरून ठेवावी लागतात, पण कुणी कुरकुरत नाही. टाकी रिकामी करून धुतली. धाकटीसाठी एमआय रूमच्या आरओचं पाणी आणते, ते उकळते. तिचं वजन ६ किलो ७०० झालं. मुलाच्या शौचाची वेगळी तपासणी डॉक्टरसाहेबांनी पाठवली होती. काका, तुम्ही सांगितलेलंच नाव आलं. आता बरा आहे.

काला आंब दादा, तुमचं शेवटचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं. स्टेशनकडून पत्र गेल्यावर तबेल्याचे मालक स्वतः गेटवर आले होते. मागून मी आणि भाभी त्यांच्या घरच्या बायकांना भेटायला गेलो. त्यांचा हातपंप शेणाच्या ढिगापासून फार तर १५ फुटांवर आहे. त्यांची नात ८ महिन्यांची. आजीने तिला आमच्यासमोर त्याच पंपाचं पाणी पाजलं. आजी म्हणाली, हिचं पोट उन्हाळ्यापासून ठीक नाही, दात येत असतील. मला काही बोलवेना. पाटील दादा, ढीग त्यांनी रस्त्याच्या बाजूला हलवला आहे, पण जमिनीत जे मुरलंय ते मुरलंय ना?

काका, छावणीची तपासणी त्यांच्या पंपाला लागू नाही असं कळलं. त्यांचं पाणी कुठे आणि कसं तपासून घ्यायचं? मी बाटली भरून नेऊ शकते.

---

निवृत्त हवालदार, सातारा

जिल्ह्याच्या ठिकाणी पाणीपुरवठा विभागाची प्रयोगशाळा असते, गावचा माणूस तिथे नमुना देऊ शकतो. तुम्ही नेऊ नका, त्यांच्याच घरच्या कुणाला तरी सोबत घ्या, म्हणजे कागद त्यांच्या नावाने येईल.

जंतूंच्या तपासणीसाठी घरची बाटली चालत नाही. प्रयोगशाळा निर्जंतुक बाटली देते, ती आधी जाऊन आणा. पंपाचं तोंड पुसून घ्या, ज्योतीने शेकता आलं तर उत्तम. मग पाच मिनिटं हापसा. बाटलीचं बूच काढताना आतल्या बाजूला बोट लागू देऊ नका, बूच खाली ठेवू नका, हातातच धरा. काठोकाठ भरू नका, बोटभर जागा सोडा. बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवा, सकाळी निघालात तर दुपारच्या आत. नायट्रेटसाठी वेगळी, साधी स्वच्छ बाटली, त्याच पाण्याने तीनदा खंगाळून. दोन्हींवर तारीख, वेळ आणि "हातपंप" असं लिहा.

कागद येईपर्यंत त्या बाळाला पंपाचं पाणी देऊ नये. आजींना तुम्हीच सांगा, तुमचं ऐकतील. तुमच्याकडचा एमआय रूमचा कॅन एक जास्तीचा मिळतो का, ते डॉक्टरसाहेबांना विचारा.